तिसरा फोटोही छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या महिन्यात आपल्या रविवारच्या पुरवणीत जपानी बोन्सायवर पानभर मजकूर आला होता. त्यात एका जुन्या पाइनचे दोन फोटो शेजारी शेजारी होते. डावीकडे पिंजारलेलं झाड, उजवीकडे तेच झाड तारा गुंडाळून, फांद्या खाली बसवून, चापूनचोपून उभं केलेलं. खाली ओळ होती, 'सहा तासांत कायापालट'. पुढच्या आठवड्यात एका वाचकांचं पत्र आलं. हा झाडांचा छळ आहे, अशा छंदाचं कौतुक वर्तमानपत्रानं करू नये, असं त्यांचं म्हणणं. दोन्ही कात्रणं माझ्यासमोर आहेत आणि दोन्हींबद्दल मला लिहायचं आहे. पत्र लांबलं आहे. काटछाटीचा अधिकार आपला, पण फांदी मोडल्याचा भाग तेवढा कापू नये ही विनंती.

मी वीज मंडळात ३४ वर्षं वायरमन होतो. पसरणी घाटातल्या लाइनवर बरेच पावसाळे काढले. बागकाम शिकलेला माणूस मी नव्हे. माझी थोरली लेक मात्र जपानात साइतामा शहरात राहते, टोकियोच्या उत्तरेला, आगगाडीनं अर्ध्या तासावर. कोरोनामुळे नातवाला तीन वर्षं पाहिलं नव्हतं. ऑक्टोबर २०२२ मध्ये जपाननं पर्यटकांना पुन्हा येऊ दिलं आणि नोव्हेंबरात आम्ही दोघं तिथे पोचलो. लेक-जावई कामावर, नातू शाळेत. मी सकाळी चालायला निघायचो. वीस मिनिटं चाललं की एक वस्ती लागते, तिचं नावच बोन्साय-चो. पोस्टाच्या पत्त्यातसुद्धा हेच नाव.

ही वस्ती कशी झाली ते सांगितलं पाहिजे. सप्टेंबर १९२३ मध्ये कांतो भागात मोठा भूकंप झाला, टोकियो शहर जळालं. तिथली बोन्साय वाढवणारी काही कुटुंबं चांगलं पाणी, चांगली माती आणि मोकळी हवा शोधत १९२५ पासून ओमियाला, म्हणजे आताच्या साइतामा शहरातल्या या भागात, येऊन राहिली. त्यांनी आपले नियम ठरवले. इथे राहणाऱ्यानं घरी निदान दहा बोन्साय ठेवावेत, फाटक येणाऱ्या-जाणाऱ्याला उघडं असावं, दुमजली घर बांधू नये, कुंपण जिवंत झाडांचं असावं. आता बागा थोड्याच उरल्या आहेत. पण फाटकं अजून उघडी असतात, म्हणून माझ्यासारखा भाषा न येणारा माणूस आत जाऊ शकला.

पहिले आठ दिवस मी रस्त्यावरूनच बघत होतो. एका संध्याकाळी एका बागेत एक शिकाऊ मुलगा भाताच्या पेंढ्याचा जाळ करून तांब्याच्या तारेची वेटोळी भाजत होता. ओढून काढलेली तांब्याची तार ताठ असते. तशीच फांदीला गुंडाळायला गेलं तर फांदीची सालच निघेल. म्हणून ती मंद लाल होईपर्यंत तापवून मऊ करतात, आणि तो लाल रंग नीट दिसावा म्हणून हे काम अंधार पडताना करतात. या मुलाचं वेटोळं मधोमध भडक लाल होत होतं आणि कडेची तार काळीच राहत होती. मला राहवलं नाही. तांबं हा माझा जन्माचा धंदा. आत जाऊन खुणेनंच त्याला वेटोळं सैल करायला आणि फिरवत ठेवायला सांगितलं. ओसरीवरून बागेचे मालक बघत होते. वय ऐंशीच्या पुढचं. त्यांना सगळे 'ओयाकाता' म्हणतात. आपल्याकडे तालमीत 'वस्ताद' म्हणतात ना, तोच मान. मीही त्यांना मनात वस्तादच म्हणायला लागलो. त्यांनी थंड झालेल्या तारेचं एक टोक माझ्या हातात दिलं. मी ते एकदा वाकवलं, परत सरळ करायला गेलो तर तार ताठ झालेली. मी मान हलवली, तेही हसले. तांबं ऊन केलं की मऊ पडतं आणि वाकवलं की वाकवल्या जागी पुन्हा ताठ होतं. फांदीला तार गुंडाळण्याचं सगळं शास्त्र या एका गुणावर उभं आहे, आणि ते आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. दुसऱ्या दिवसापासून मी त्या बागेत रोज जाऊन बसायला लागलो. शनिवारी नातू बरोबर असला की बोलणं व्हायचं. तो तेव्हा ९ वर्षांचा होता आणि दुभाष्याचं काम फार मन लावून करायचा. एरवी हात आणि नजर.

त्या हिवाळ्यात बागेत एक झाड आलं होतं. जपानीत त्याला गोयोमात्सु म्हणतात. गो म्हणजे पाच, यो म्हणजे पान, मात्सु म्हणजे पाइन. एका जागेतून पाच बारीक सुया निघतात. प्रत्येक सुईच्या आतल्या अंगाला पांढऱ्या रेघा असतात, त्यामुळे झाड लांबून निळसर-रुपेरी दिसतं. हे झाड एका गिऱ्हाइकाच्या घरात आजोबांपासून चालत आलेलं. वय कोणालाच माहीत नव्हतं आणि वस्तादांनी अंदाजसुद्धा सांगितला नाही. कुंडीच्या काठापासून शेंड्यापर्यंत साधारण ८० सेंटीमीटर, बुंधा माझ्या पोटरीएवढा. काळ्या पाइनच्या खुंटावर कलम केलेलं होतं. आपल्या द्राक्षवाल्यांना डॉगरिजचा खुंट माहीत आहे, तसंच हे. म्हणून बुंध्याची खालची वीतभर साल खडबडीत, भेगाळलेली, आणि त्यावरची वेगळ्या पोताची. घरमालक बरीच वर्षं आजारी होते. झाडाला पाणी मिळत होतं, पण कोणाचा हात लागला नव्हता. शेंडा जाड होऊन डोक्यावर पागोटं ठेवल्यासारखा दिसत होता. त्याच्या सावलीत आतल्या डहाळ्या वाळत चालल्या होत्या.

आपल्या लेखात लिहिलं आहे की कलाकार आला, झाडाभोवती फिरला आणि त्यानं कात्री हाती घेतली. मी जे पाहिलं ते असं. पहिले दोन दिवस कात्री बाहेरच निघाली नाही. शिकाऊ मुलानं चिमट्यानं वाळक्या सुया एकेक करून काढल्या. खोडावरचं शेवाळ दात घासायच्या ब्रशनं, पाणी शिंपडत, साल न दुखवता घासलं. कुंडीतली वरची बोटभर माती बांबूच्या काडीनं उकरून मुळं कुठून फाकतात ते उघडं केलं. मुळांच्या त्या पसाऱ्याला नेबारी म्हणतात, आणि झाडाचं तोंड कुठल्या बाजूला हे पुष्कळसं त्यावरून ठरतं. मग झाड फिरत्या पाटावर ठेवून वस्ताद समोर बसले. पाट चार बोटं फिरवायचे आणि चहा प्यायचे. पुन्हा चार बोटं. मालकांच्या घरी ज्या बाजूनं ते झाड इतकी वर्षं बघितलं गेलं होतं, त्यापासून तोंड थोडं डावीकडे न्यायचं ठरलं, म्हणजे कलमाची जागा मागे जात होती आणि बुंध्यातलं पहिलं वळण समोर येत होतं.

उजवीकडे अंगठ्यापेक्षा जाड अशी एक फांदी होती. सरळ, गाठ नाही, वळण नाही, काठीसारखी. ती काढायची हे मलासुद्धा दिसत होतं. शिकाऊ मुलानं करवत आणून ठेवली. वस्तादांनी त्या फांदीवर एक पांढरा पंचा टाकला आणि घरात निघून गेले. तीन दिवस तो पंचा तिथेच. येता-जाता, सकाळच्या उन्हात, संध्याकाळच्या सावलीत, ती फांदी नसती तर झाड कसं दिसलं असतं ते सगळे बघत होतो. चौथ्या दिवशी त्यांनी ती कापली, पण निम्मी. बुंध्याजवळचा हिरवा भाग ठेवला. नातवानं विचारून सांगितलं, "आबा, ते म्हणतात, हिच्या खालची मुळं हिच्यावर जगतात. यंदा अर्धी, उरलेली नंतर."

हे वाचणाऱ्याला बारीकसारीक वाटेल, पण इथेच आपल्या फोटोंचा आणि माझा वाद आहे. आपला वड कुठेही तोडा, फुटतो. पाइनचं तसं नाही. उघड्या जुन्या लाकडातून त्याला सहसा नवा डोळा फुटत नाही. शेवटच्या सुयांच्या मागे कापलं की ती फांदी गेली, कायमची. त्यामुळे जुन्या पाइनवर काम करणारा माणूस काय काढलं यापेक्षा काय ठेवलं याचाच हिशेब जास्त करतो. आत, बुंध्याजवळ, एखादी काडीएवढी फिकट डहाळी जिवंत असते. वरचा शेंडा विरळ करून तिच्यावर ऊन पाडायचं आणि दोन-तीन वर्षं थांबायचं. ती जाड झाली, तिच्या टोकांना फाटे आले, की मग पुढची लांब फांदी तिच्यापर्यंत मागे आणायची. सहा तासांत हे होत नाही. सहा तासांत फक्त लांब फांद्या वाकवून आत कोंबता येतात, आणि फोटोत झाड लगेच दाट दिसतं.

मग तारकाम. फांदीच्या साधारण एक तृतीयांश जाडीची तार, पंचेचाळीस अंशांच्या सुमारास वेढे, आधी जाड फांद्या, मग डहाळ्या, शेवटी सुईएवढ्या तारेनं टोकं. शक्यतो एक तार दोन फांद्यांना, म्हणजे एकीचा आधार दुसरीला मिळतो. वेढ्याखाली सुई अडकता कामा नये. जिथे फांदी वळवायची तिथे वळणाच्या बाहेरच्या अंगावर तारेचा वेढा आला पाहिजे, कारण साल ताणून फाटते ती तिथेच. लाइनवर इन्सुलेटरला तार बांधतानाही बांधणी कुठे बसली याला असंच महत्त्व असतं, म्हणून मला हे हातानं पटकन कळलं. शिकाऊ मुलाचा एकेक वेढा मी बघायचो. एका पंजाएवढ्या फांदीला त्याचे दोन-दोन तास जात. फांद्या खाली का वाकवतात तेही तिथे कळलं. डोंगरात म्हाताऱ्या पाइनच्या फांद्या वर्षानुवर्षं बर्फाच्या वजनानं खाली झुकतात आणि शेंडा अणकुचीदार न राहता गोल होतो. तारेनं तेच वय दाखवायचं असतं. प्रत्येक डहाळीचं टोक मात्र किंचित वर उचलतात, कारण झाड जिवंत आहे आणि उन्हाकडे जातं आहे.

डिसेंबरच्या मध्यावर वस्तादांनी माझ्याकडे बघून एका फांदीला बोट लावलं. डावीकडची, खालून दुसरी. करंगळीएवढी जाड. शिकाऊ मुलानं ती ओल्या राफियानं घट्ट बांधली होती. राफिया म्हणजे ताडाच्या जातीच्या एका झाडाच्या पानांचा चपटा धागा. तो भिजवून गुंडाळला की वाळताना आवळतो आणि साल धरून ठेवतो. त्यावर तार चढवलेली होती. ती खाली आणि थोडी पुढे आणायची होती. आज निम्मी, पंधरा दिवसांनी उरलेली, असं हातानं त्यांनी दाखवलंही. मी दोन्ही अंगठे लावले, दाबलं, फांदी आली. छान आली. मी लाइनवर तार ओढणारा माणूस. ताण बसला की आणखी एक झटका द्यायचा ही ३४ वर्षांची सवय. मी आणखी थोडं दाबलं. आतून 'कट्' असा आवाज झाला. फार बारीक, सुपारी फोडावी तसा.

कोणी काही बोललं नाही. वस्ताद उठले, राफियाच्या वरून बोट फिरवून बघितलं, फांदी जराशी मागे आणली, वरून मलम लावलं आणि आणखी एक वेढा राफिया बांधला. मग मला चहा दिला. फांदी पूर्ण तुटली नव्हती. एका बाजूची साल धरून होती.

संक्रांतीच्या दिवशी मी झाडाचा फोटो काढला. तारा बसल्या होत्या, फांद्यांचे मजले सुटे झाले होते, मधून आकाश दिसत होतं, झाडाचा बुंधा एकदम मोठा वाटत होता. ती मोडलेली फांदीही हिरवीगार, जागेवर. आपण छापलेल्या उजव्या फोटोपेक्षा माझा फोटो काही कमी नव्हता. वाईला आल्यावर तो मी सगळ्यांना दाखवला.

एप्रिलात लेकीला मुलगी झाली, तेव्हा आम्ही पुन्हा गेलो. महिनाअखेरीला बागेत पाऊल टाकलं. झाडावर सगळीकडे नवे कोंब उभे होते, बोटभर लांबीचे, अजून सुया न फाकलेले. माझ्या फांदीवर कोंब होते, पण दाण्याएवढेच राहिलेले. सुयांचा निळा रंग गेला होता, पण हिरवेपणा होता. मला वाटलं, मागे पडली आहे, येईल. वस्तादांनी एक सुई ओढली. ती सहज हातात आली. मेच्या दुसऱ्या आठवड्यात आख्खी फांदी विटकरी झाली.

संपादक महोदय, फांदी मेली होती ती बहुधा जानेवारीतच. माझ्या संक्रांतीच्या फोटोत जी हिरवी दिसते आहे, तिचा आतला प्रवाह तेव्हाच तुटलेला होता. पाइनच्या सुईवर मेणासारखा थर असतो, तिच्यातलं पाणी हळू उडतं, थंडीत तर सगळंच मंद. त्यामुळे मरण आत झालं तरी बाहेर हिरवं दिसत राहतं, आठवडे, कधी महिने. नाताळसाठी तोडून आणलेलं झाड मूळ नसताना किती दिवस हिरवं उभं असतं ते आठवावं. एका फांदीचं जे झालं ते आख्ख्या झाडाचंही होतं. एका दिवसात फार कापलं, फार वाकवलं, वर त्याच वर्षी कुंडीही बदलली, की झाड फोटोपुरतं सुंदर उभं राहतं आणि पुढच्या उन्हाळ्यात जातं. आपण छापलेलं उजवीकडचं झाड जिवंत आहे की नाही हे त्या फोटोवरून कोणालाच सांगता येणार नाही. मला त्या कलाकारावर शंका घ्यायची नाही, त्याचा हात माझ्यापेक्षा हजारपट तयार असणार. माझं म्हणणं एवढंच आहे की दोन फोटोंत गोष्ट पुरी होत नाही.

पुढच्या कामाबद्दलही थोडं, कारण ते कोणी छापत नाही. त्या एप्रिलमध्ये कोंब खुडायचे होते. कात्रीनं नाही, बोटांच्या चिमटीत धरून, कारण कात्री लागली की अर्धवट कापलेल्या सुयांची टोकं तांबडी पडतात. शेंड्याकडचे जोमदार कोंब निम्म्याहून जास्त तोडायचे, मधले थोडे, खालचे आणि आतले अशक्त कोंब तसेच सोडायचे, म्हणजे झाडाचा जोर वरून खाली उतरतो. द्राक्षाच्या बागेत विरळणी केलेल्या कोणालाही हे पटेल. इथे एक चूक फार होते म्हणतात. जपानी काळ्या पाइनचे कोंब जून-जुलैत मुळापासून कापतात, कारण त्याला त्याच वर्षी दुसरी फूट येते आणि ती आखूड सुयांची असते. पाच सुयांचा पाइन वर्षातून एकदाच फुटतो. त्याला तीच कात्री लावली तर तो खचतो. दोन्ही पाइनच, पण दोघांचं वर्ष वेगळं.

फांदी मेल्यावर मला दोन दिवस बागेत जायची लाज वाटली. तिसऱ्या दिवशी शिकाऊ मुलगा घरी बोलवायला आला. वस्तादांनी फांदी मुळापासून कापली नव्हती. पक्कड माझ्या हातात देऊन त्यांनी दाखवलं, टोक धरून लाकूड तंतूंच्या दिशेनं चिरत खाली ओढायचं. करवतीनं कापलं तर माणसानं कापलेलं दिसतं. असं ओढलं की वाऱ्यानं मोडल्यासारखं दिसतं. साल सोलून जी पांढरी काडी उरते तिला जिन म्हणतात. डोंगरात वीज पडून किंवा बर्फानं मोडलेल्या फांद्या अशाच पांढऱ्या पडतात. ती वाळल्यावर चुना आणि गंधक उकळून केलेलं पाणी तिला लावतात. द्राक्ष-डाळिंबवाले ज्याला लाइम सल्फर म्हणतात तेच. त्यानं लाकूड कुजत नाही आणि पांढरं राहतं.

आता त्या दुसऱ्या वाचकांच्या पत्राबद्दल. त्यांचा राग मला समजतो, कारण त्यांनीही तेच दोन फोटो पाहिले. तारांनी करकचून बांधलेलं झाड बघून कोणालाही वाईट वाटेल. पण त्या तारा कायम राहत नाहीत. फांदीनं वळण धरलं की तारा काढतात, आणि उलगडून नाही, तर प्रत्येक वेढा कटरनं तोडून, म्हणजे डहाळीला धक्का बसू नये. उशीर झाला तर तार सालीत रुतते, म्हणून हिवाळ्यापासून दर आठवड्याला बोट फिरवून बघायचं काम शिकाऊ मुलाकडे होतं. पाणी द्यायला त्याला अजून एकट्याला परवानगी नव्हती. 'मिझुयारी सान्नेन' अशी तिथे म्हण आहे. नुसतं पाणी घालायला शिकण्यात तीन वर्षं जातात. झाड कुंडीत आहे, स्वतःचं पाणी शोधायला त्याची मुळं जाऊ शकत नाहीत, म्हणून माणूस रोज त्याच्याकडे जातो. माझ्या बहिणीच्या घरी तासगावला द्राक्षबाग आहे. एप्रिलात खरड छाटणी, ऑक्टोबरात गोडी छाटणी. वेल दर वर्षी दोनदा बोडकी होते आणि त्याला कोणी छळ म्हणत नाही, कारण पुढचा बहर सगळ्यांना दिसतो. एका दिवसात झाडाची ताकद न बघता त्याचं रूप बदलणं आणि मग ते मेलं तर गप्प बसणं, याला मात्र मीही छळच म्हणेन. तिथे मी त्या वाचकांच्या बाजूनं उभा आहे.

अमेरिकेत वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय वृक्षोद्यानात एक पाच सुयांचा पाइन आहे. १६२५ पासून त्याची निगा चालू आहे, म्हणजे शिवाजी महाराजांच्या जन्माच्या पाच वर्षं आधीपासून. तो हिरोशिमाच्या यामाकी कुटुंबाकडे पिढ्यान्‌पिढ्या होता. ६ ऑगस्ट १९४५ ला बॉम्ब पडला तेव्हा तिथून सुमारे तीन किलोमीटरवर, बागेच्या भिंतीच्या आडोशाला तो उभा होता आणि वाचला. १९७६ मध्ये अमेरिकेच्या स्वातंत्र्याला २०० वर्षं झाली म्हणून जपानकडून ५३ बोन्साय भेट गेले, त्यांत मासारू यामाकी यांनी हा पाइन दिला. ज्या देशानं बॉम्ब टाकला त्या देशाला. आणि बॉम्बची गोष्ट त्यांनी सांगितली नाही. २००१ मध्ये त्यांचे नातू झाड बघायला तिथे गेले, तेव्हा उद्यानातल्या लोकांना ती कळली. माझ्या नातवानं हे मला सांगितलं तेव्हा मी बराच वेळ काही बोलू शकलो नाही. त्या झाडाचा 'आधी'चा फोटो कोणता आणि 'नंतर'चा कोणता? आजही तिथे कोणीतरी सकाळी त्याला पाणी घालत असेल, शरदात पिवळ्या सुया काढत असेल.

आणखी एक, हे मुद्दाम लिहितो. आपला लेख आल्यावर चार दिवसांत आमच्या आळीतला एक मुलगा विचारायला आला, "काका, हे झाड ऑनलाइन मिळतंय, मागवू का?" त्याला नको म्हटलं, आणि आपल्या वाचकांनाही तेच सांगेन. हा थंड डोंगरातला वृक्ष आहे. त्याला हिवाळ्यात काही महिने खरी थंडीची झोप लागते. वाईत ती नाही, पुण्यात नाही, मुंबईत तर नाहीच. इथे तो एक-दोन वर्षं झिजेल आणि जाईल, आणि जाताना आधी बरेच दिवस हिरवाच दिसेल. हौस असेल तर वड, उंबर, चिंच घ्या. माझ्याकडे एक वड आहे. १९९८ मध्ये सबस्टेशनच्या भिंतीच्या फटीतून उपटून काढलेला, तेव्हा बोटभर होता. फेकवला नाही म्हणून डब्यात लावला. बरीच वर्षं त्याला मी फक्त पाणी घातलं. ओमियाहून आल्यापासून त्याच्याकडे नीट बघतो आहे आणि गेल्या पावसाळ्यात त्याची पहिली पारंबी मातीला टेकली.

गेल्या ऑक्टोबरात, २०२५ मध्ये, मी तिसऱ्यांदा ओमियाला गेलो. वस्ताद आता ओसरीवरून फारसे उठत नाहीत. झाडाची कुंडी मार्च २०२४ मध्ये बदलली होती, म्हणजे मोठ्या कामानंतर मधला एक वसंत सोडून. बहुतेक सगळ्या तारा निघाल्या होत्या आणि फांद्या आपल्या आपण जागेवर होत्या. उजवीकडची जी फांदी निम्मी ठेवली होती, ती त्यांनी अखेर काढलीच नाही. आतल्या फिकट डहाळीला जोर आला आणि तिथे आता तळहाताएवढा मजला झाला आहे. जुन्या सुया पिवळ्या पडायची वेळ होती. मी आणि शिकाऊ मुलगा, तो आता शिकाऊ राहिलेला नाही, दोघांनी मिळून चार दिवस त्या काढल्या. खालच्या अंगाला लोंबणाऱ्या, काखेत अडकलेल्या, एकेक. काम झाल्यावर मी त्याच जागी, त्याच उंचीवर मोबाइल धरून फोटो काढला.

माझी आपल्याला विनंती अशी की यापुढे अशा कामाचे फोटो छापाल तेव्हा त्या कलाकाराकडून दोन-तीन वर्षांनंतरचा तिसराही मागून घ्या. नसेल तर 'कायापालट' हा शब्द छापू नका. मी माझे तिन्ही फोटो सोबत पाठवत आहे, नोव्हेंबर २०२२, जानेवारी २०२३ आणि ऑक्टोबर २०२५. जागा एकाचीच असेल तर तिसरा घ्यावा. त्यात डाव्या बाजूला, खालून दुसऱ्या फांदीच्या जागी बोटभर पांढरी काडी दिसेल. ती माझ्या हातून मोडलेली फांदी.

आपला,
एक निवृत्त वायरमन
वाई, जि. सातारा